तार तोडण्याचा अधिकार: सेंट पीटर्सबर्ग १८७५ ते बदलापूर २०२४

१/ २१ ऑगस्ट २०२४ रोजी बदलापुरात इंटरनेट बंद झाले. आदल्या दिवशी, शाळेतील दोन चिमुकल्यांवरील अत्याचाराने संतप्त झालेले नागरिक रेल्वे रुळांवर उतरले होते. गुन्हा नोंदवण्यातील दिरंगाई हे त्या संतापाचे एक मोठे कारण होते.

२/ असा संपर्क तोडण्याचा सरकारी अधिकार इंटरनेटहून पुष्कळ जुना आहे. १८६५ साली पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय तार संघ स्थापन झाला. १८६९ पासून ब्रिटिश हिंदुस्थान त्याचा सदस्य. १८७५च्या सेंट पीटर्सबर्ग कराराने सरकारांना दोन मुभा दिल्या. राज्याची सुरक्षितता, कायदा, सुव्यवस्था वा नीतिमत्ता यांस बाधक अशी खाजगी तार अडवता येईल. शिवाय संपूर्ण तारसेवाच स्थगित करता येईल, प्रसंगी बेमुदत. स्थगितीला अट एकच: इतर सरकारांना तत्काळ कळवावे. आजच्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या घटनेतील ३४ व ३५ ही कलमे त्याच मुशीतली आहेत.

३/ देशांतर्गत वाट १८८५च्या भारतीय तार कायद्याची होती. इंटरनेट बंदीचे २०१७चे नियम त्याच कायद्याखाली झाले.

४/ गोम इथेच आहे. आंतरराष्ट्रीय सेवा थांबवली तर परक्या सरकारांना कळवण्याचे बंधन १८७५ पासून आहे. स्वतःच्या नागरिकांसाठी बंदीचा आदेश प्रसिद्ध केलाच पाहिजे, हे मात्र सर्वोच्च न्यायालयाला काश्मीरविषयक अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सांगावे लागले. मध्ये १४५ वर्षे गेली! शिवाय बंदी एका शहरापुरती असली की परदेशांचा संबंधच उरत नाही. जाब विचारणारा उरतो तो फक्त तिथला रहिवासी.

५/ अफवांचे भय खोटे नव्हे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. पण बदलापूरचा क्षोभ निव्वळ अफवेतून उपजला नव्हता. तक्रारीची दखल वेळेत न घेणाऱ्या यंत्रणेबद्दलची खरी बातमीही त्याच फोनवरून फिरत असते, आणि बंदीला खऱ्याखोट्याचा भेद करता येत नाही.

६/ २०२४ पर्यंत लागू असलेल्या २०१७च्या नियमांनुसार पुनर्विलोकन समितीने पाच कामकाजी दिवसांत असा आदेश तपासायचा असे. तो आदेश, त्याची कारणे आणि समितीचा निष्कर्ष कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीत लावायला हवा. उद्या अंबरनाथ वा उल्हासनगरावर ही वेळ आली, तर तिथेही.