डोळा तुलना करतो, मोजत नाही

हातातले वर्तमानपत्र घेऊन भर दुपारी अंगणात जा आणि मग घरात, दिव्याखाली या. दोन्हीकडे कागद पांढरा आणि अक्षरे काळीच दिसतील. यात नवल ते काय, असे वाटेल. पण भर उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश पडतो, तर संध्याकाळी दिवा लावलेल्या खोलीत तो जेमतेम शंभर-दोनशे लक्स असतो. छपाईची काळी शाईसुद्धा तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा थोडा भाग, साधारण पाच टक्के, परत पाठवतेच. म्हणजे उन्हातल्या काळ्या अक्षराकडून डोळ्यात शिरणारा प्रकाश घरातल्या पांढऱ्या कागदापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतो. तरीही अक्षर काळेच दिसते, कारण डोळा आणि मेंदू प्रकाश मोजत नाहीत, शेजाऱ्याशी तुलना करतात.

ही तुलना डोळ्याच्या पडद्यावरच सुरू होते. या पडद्यात बारा कोटींहून अधिक प्रकाशग्राही पेशी असतात, पण मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू असतात दहा-बारा लाख. सगळी माहिती पाठवणे शक्यच नसते. म्हणून शेजारशेजारच्या पेशी एकमेकींचे संदेश दाबतात आणि जिथे उजेड बदलतो ती कड तेवढी ठळक होऊन पुढे जाते. हाल्डन हार्टलाइन यांनी हे नालखेकड्याच्या डोळ्यात दाखवले आणि १९६७ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. मेंदू त्यावर आणखी हिशेब करतो: सावली कुठे आहे, प्रकाश कुठून येतो. एडवर्ड अ‍ॅडेलसन यांनी १९९५ मध्ये केलेले बुद्धिबळाच्या पटाचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. त्यातले दोन चौकोन अगदी सारख्या करड्या छटेचे आहेत, पण एक सावलीत असल्याने पांढरट भासतो, दुसरा काळपट. खरे काय ते कळल्यानंतरही भास जात नाही.

मग हे अनुभवाने शिकलेले असते का? मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हा यांच्या गटाने भारतात जन्मजात मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया झाल्यानंतर हे तपासले. आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहू लागलेल्या या मुलांनाही, पट्टी सुटल्यावर लगेचच, गडद पार्श्वभूमीवरचा करडा ठिपका फिक्या पार्श्वभूमीवरच्या तशाच ठिपक्यापेक्षा उजळ दिसला. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे ही जडणघडण बहुधा उपजत आहे. तीस वर्षांच्या नोकरीनेही ती पुसली जात नाही.

आणि नेमका इथेच आमच्या व्यवसायाला प्रश्न विचारावा लागतो. रक्त कमी आहे का, हे आम्ही पापणी ओढून ठरवतो. एक्स-रेची फिल्म खिडकीकडे धरून वाचतो. दोन हाडांच्या सावल्या जिथे एकमेकींवर येतात तिथे नसलेली काळी रेघ दिसू शकते. अर्न्स्ट माख यांनी असा भास १८६५ मध्येच वर्णिला होता. तिला फ्रॅक्चर समजण्याचा धोका पाठ्यपुस्तकांत नोंदलेला आहे.

सर्वांत जास्त पणाला लागते ते नवजात बाळाचे. पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साधारण साठ बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. बहुतेकांची आपोआप उतरते. काहींची वाढत जाते आणि बिलीरुबिन मेंदूत शिरले तर बहिरेपण किंवा कायमचे अपंगत्व येते. वेळेत निळ्या प्रकाशाखाली ठेवले तर हे टळते. पण कावीळ किती, हे ठरवतो आपला डोळा. पिवळी दुलई, रंगीत पडदा, मिणमिणता दिवा आणि बाळाचा सावळा वर्ण हे सगळे त्या अंदाजात मिसळते, कारण उजेडाप्रमाणे रंगाचीही पारख शेजारावरूनच होते. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१० मध्येच सांगितले आहे की, बिलीरुबिन किती आहे हे नुसत्या नजरेने ठरवू नये.

आपल्याकडे अडचण दुहेरी आहे. साध्या बाळंतपणानंतर आई-बाळ दोन दिवसांत घरी जातात आणि कावीळ चढते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. तिसऱ्या दिवशी आशाताई घरी जाते, पण बाळ पाहायचे ते बऱ्याचदा अंधाऱ्या खोलीत.

प्रत्येक बाळाचे रक्त काढणे परवडणार नाही, असे म्हटले जाते. तशी गरजही नाही. त्वचेवर टेकवून बिलीरुबिनचा अंदाज देणारे उपकरण उपलब्ध आहे. जिथे प्रसूती होते तिथे ते हवे आणि आकडा जास्त आला तर रक्ततपासणीचा अहवाल त्याच दिवशी मिळायला हवा. केसपेपरवर ‘कावीळ: सौम्य’ एवढेच लिहून बाळाला घरी पाठवणे थांबले पाहिजे.

घरच्यांनीही एवढे करावे. बाळाला दिवसा दाराशी, उजेडात आणावे. कपाळ, छाती बोटाने हलके दाबून सोडावी आणि दाबलेल्या जागी पिवळेपणा दिसतो का ते पाहावे. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत कावीळ दिसली, तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा बाळ सुस्त होऊन दूध ओढेनासे झाले, तर उशीर न करता रुग्णालय गाठावे. कोवळ्या उन्हात धरून वाट पाहत बसू नये. ‘पिवळे वाटत नाही’ असे कोणी, अगदी डॉक्टरनेही, नुसते पाहून सांगितले आणि मनात शंका उरली, तर तपासणी मागण्यात संकोच नको. शंका डोळ्याने घ्यावी. निर्णय मात्र आकड्यावर सोपवावा.