डब्यावरची दोन अक्षरं

राजारामपुरी, कोल्हापूर



बियाण्याच्या पिशवीवरचा टॅग आपण वाचतो, खताच्या पोत्यावरचे आकडे वाचतो. इंजिन ऑइलचा डबा मात्र दुकानदार देईल तो घेतो. गेल्या वर्षी पेरणीच्या तोंडावर मराठवाड्यातला आपला एक कार्यकर्ता अंबाबाईच्या दर्शनाला आला होता. कापूस-ज्वारीची कोरडवाहू शेती, ३५ हॉर्सपॉवरचा जुना ट्रॅक्टर. जाताना ऑइल घेऊन जातो म्हणाला, म्हणून इथल्याच एका दुकानात गेलो. दोन डबे पुढे आले. दोन्हींवर १५डब्ल्यू-४०, पण एक स्वस्त, एक महाग. फरक काय? ‘‘हे नवीन आहे.’’ संपलं.

१५डब्ल्यू-४० हा नुसता दाटपणा. दर्जा वेगळ्या अक्षरांत असतो. स्वस्त डब्यावर सीएफ-४ होतं, महागावर सीके-४. ही अक्षरं अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट ठरवते. ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोल इंजिनासाठी, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी. सीएफ-४ आलं १९९० साली, सीएच-४ १९९८ला, सीआय-४ २००२ला, सीके-४ डिसेंबर २०१६मध्ये. सीएफ-४ तर त्या संस्थेने केव्हाच बाद केलं, आपल्याकडे ते अजून विकलं जातं.

नवं अक्षर म्हणजे नवा भाव, असा माझाही संशय होता. तो अर्धाच खरा निघाला. डिझेलची काजळी ऑइलमध्ये उतरते. चांगलं ऑइल ती स्वतःत तरंगती धरून ठेवतं, म्हणूनच ते काळं पडतं. ऑइल काळं झालं म्हणजे भेसळ, हा समज सोडा. ही धरून ठेवण्याची ताकद अक्षरागणिक वाढत गेली. ती कमी पडली की काजळीचा गाळ होतो, रिंगा आणि बेअरिंग झिजतात, आणि इंजिन उघडायची वेळ नेमकी वापशावर येते.

पुढचा बदल धुराच्या कायद्याने आला. जानेवारी २०२३पासून ५० हॉर्सपॉवरवरच्या नव्या ट्रॅक्टरांना कडक नियम लागू झाले. ज्यांच्या सायलेन्सरात काजळीची जाळी आहे, त्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. राख जळत नाही, जाळी चोंदते. तिथे सीके-४चा पैसा वाया नाही. पण आपल्या कार्यकर्त्याच्या ट्रॅक्टरला जाळीच नाही! त्याच्या पुस्तकात सीएच-४ होतं. सीआय-४ त्या जागी चालतं, सीएफ-४ चालत नाही. आम्ही दोन्ही डबे परत केले आणि सीआय-४ मागून घेतलं.

नवं ते सगळं वरचढ, असंही नाही. सीके-४च्या जोडीनेच एफए-४ आलं. ते पातळ, डिझेल वाचवणारं, फक्त त्यासाठी बनवलेल्या नव्या इंजिनांचं. जुन्या इंजिनात ते घालू नये.

हे सगळं शेतकऱ्याने का शोधत बसावं? लाखोंचा ट्रॅक्टर विकणाऱ्याने कोणत्या इंजिनाला कोणतं ऑइल, याचा मराठी तक्ता मडगार्डवरच चिकटवून द्यावा. दुकानदाराने बिलावर अक्षरं लिहावीत. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना ट्रॅक्टरचं पुस्तक आणि घरातला रिकामा डबा घेऊन या. तिथेच ताडून बघू.