पश्मीना आणि घोंगडे

पश्मीना शालीची किंमत ऐकली की शेळीपालनाचा विचार करणाऱ्या तरुणाचे मन साहजिकच तिकडे ओढ घेते. ती शेळी आपल्याकडे पाळता येणार नाही काय? कबनूरच्या माळावर उभे राहून विचारले, तर उत्तर ‘नाही’ असेच द्यावे लागेल. लडाखमध्ये चांगथांगच्या पठारावर, 14 हजार फुटांच्या आसपास, हिवाळ्यात पारा शून्याखाली 30 अंशांपर्यंत उतरतो. त्या थंडीपासून बचाव व्हावा म्हणून शेळीच्या राठ केसांखाली मऊ लव येते. हिवाळा सरून ती सुटू लागली की चांगपा पशुपालक फणीने विंचरून काढून घेतात. तंतूची जाडी 12 ते 15 मायक्रॉन, आणि एका शेळीमागे वर्षाकाठी लोकर मिळते पाव किलोच्या आसपास. राठ केस वेगळे केल्यावर त्याहूनही पुष्कळ कमी. पंचगंगेच्या खोऱ्यातील दमट हवेत शेळीने ही लव धरावी तरी कशासाठी?

तेव्हा तो नाद सोडलेला बरा. चांगपांनी मात्र आपल्या थंडीचेच धन केले आणि 2023 मध्ये ‘लडाख पश्मीना’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. आपल्या दारच्या लोकरीचे आपण काय केले?

कबनूरपासून पट्टणकोडोली दूर नाही. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने पिवळे झालेले, खांद्यावर घोंगडे टाकलेले धनगर बांधव तेथे लोटतात. ते घोंगडे दख्खनी मेंढीच्या लोकरीचे. सणगराने चिंचोक्याची खळ देऊन मागावर विणलेले, ऊन-पावसात वर्षानुवर्षे टिकणारे. ही लोकर राठ असते. तिची शाल होणार नाही. पण घोंगडे, जाजम, थापून केलेला बुरणूस यांना राठपणाच हवा असतो.

आज या लोकरीला भाव नाही. कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून कित्येक मेंढपाळ ती फेकून देतात. पैसा मांसात असल्यामुळे माडग्याळसारख्या, अंगावर लोकर जवळजवळ नसलेल्या मेंढ्यांकडे कळप वळत आहेत. मेंढपाळाला दोष कसा द्यावा? त्याला घर चालवायचे आहे. परंतु दख्खनी कळप गेला की सणगराचा मागही गेला, आणि हे दोन्ही पुन्हा उभे करणे सोपे नाही.

शेजारच्या इचलकरंजीत 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. त्यावर अवघा परिसर उभा राहिला. सूत आणि कापडाची एवढी जाण असलेल्या गावांनी मैलांवरच्या लोकरीकडे पाहिलेच नाही, याचे नवल वाटते. कातरणीच्या वेळीच काळी-पांढरी लोकर वेगळी करणे, ती धुऊन एकत्र साठवणे, एवढ्यापासून सुरुवात होऊ शकते. त्यासाठी फार मोठ्या भांडवलाची नव्हे, खात्रीच्या गिऱ्हाइकाची गरज आहे. हातमागाच्या घोंगड्यामागे सणगराचे दिवस खर्ची पडतात. आणि त्याची किंमत अ‍ॅक्रिलिकच्या ब्लँकेटशी ताडून पाहणारे, घासाघीस करणारे, आपणच असतो.