फळ्यावरचं नाव



परवा ऑफिसातून बोलावणं आलं, म्हणून मी वर्ग मॉनिटरवर सोपवून गेले. परत येऊन पाहते तर फळ्यावर 'बोलणारी मुले' आणि खाली एकच नाव! मी काहीही न विचारता त्या मुलाला तासभर उभं केलं.

मधल्या सुट्टीत मुली म्हणाल्या, "बाई, तो बोललाच नव्हता. त्यानं मॉनिटरला पेन्सिल दिली नाही, म्हणून नाव लिहिलं."

मॉनिटर चुकलाच; पण माझी चूक मोठी. कोर्टातसुद्धा आरोपीचं म्हणणं ऐकल्याशिवाय शिक्षा होत नाही. मी मात्र ऐकलंच नाही.

पुढचा तास इंग्रजीचा होता. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "आय डिड अ मिस्टेक." तोच मुलगा हळूच म्हणाला, "बाई, 'मेड अ मिस्टेक' ना? तुम्हीच शिकवलंत." वर्ग हसला, मीही हसले. एकदम दोन चुका कबूल केल्या!

मग मी दोन शब्दांचे अर्थ सांगितले. दोन्ही शब्द मूळचे लॅटिन. मॉनिटर म्हणजे सावध करणारा आणि मिनिस्टर म्हणजे चक्क सेवक! अधिकार मिळाला की नेमकं हेच विसरायला होतं. सकाळी प्रार्थनेला हात जोडायचे आणि त्याच हातानं खोटं नाव लिहायचं, हे देवाला आवडेल का?

मॉनिटर खाली मान घालून उठला आणि त्यानं ते नाव पुसलं.

मुलांनो, आणि पालकांनो तुम्हीसुद्धा, चुकलात तर 'डिड' नको, 'मेड' म्हणा. पण म्हणा मात्र नक्की!