कुत्रं एवढं का भुंकतं?

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा या नद्यांच्या संगमावर माहुली आहे. तिथल्या देवळांबरोबर आणि राजघराण्याच्या समाध्यांबरोबर एका कुत्र्याची समाधीही दाखवतात. हा छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या. शिकारीच्या वेळी वाघ जवळ आल्याचं त्यानं भुंकून सांगितलं आणि महाराजांचा जीव वाचला, अशी कथा साताऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. शाहू महाराज १७४९ साली वारले. म्हणजे गोष्ट पावणेतीनशे वर्षांपूर्वीची. भुंकणाऱ्या कुत्र्याला तेव्हा समाधी मिळाली. आज साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या कॉलनीत तेच काम करणाऱ्या कुत्र्याला काय मिळतं? दगड, नाहीतर गळ्यात आणखी आखूड साखळी.

माझं मत सरळ आहे. कुत्रं जास्त भुंकत असेल तर ते बिघडलंय असं आधीच ठरवू नये. ते काय सांगतंय ते बघावं. बहुतेक वेळा उत्तर कुत्र्यापेक्षा त्याच्या मालकाच्या वागण्यात सापडतं.

आधी थोडं विज्ञान. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. पण मोठा झालेला लांडगा फार कमी भुंकतो. कुत्रा मात्र माणसाजवळ राहून भुंकायला लागला, कारण माणसाला राखणदार हवा होता. जो ओरडून जागं करील त्याला भाकरी मिळाली, त्याची पिल्लं जगली. हजारो वर्षं आपणच हा आवाज निवडला, आणि आता त्याच आवाजाचा आपल्याला त्रास होतो!

हा आवाज एकसारखाही नसतो. अनोळखी माणूस दिसला की भुंकणं जाड, भराभर आणि सलग येतं. एकटं पडलेलं कुत्रं बारीक आवाजात, मधेमधे थांबून भुंकतं. खेळताना आवाज उंच आणि तुटक असतो. हंगेरीतल्या संशोधकांनी लोकांना कुत्र्यांचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले, तेव्हा कुत्रं न पाळलेल्यांनाही प्रसंग बऱ्यापैकी ओळखता आले. म्हणजे कान आपल्याकडे आहेत, आपण ऐकत नाही एवढंच.

मग काही कुत्री अति का भुंकतात? पहिलं कारण एकटेपणा आणि कंटाळा. नवरा-बायको दोघं नोकरीला, मुलं शाळेत, आणि कुत्रं दिवसभर फाटकाला बांधलेलं. फिरणं नाही, कुणाशी खेळणं नाही. त्याच्यासमोर जग म्हणजे फाटकाच्या गजांतून दिसणारा रस्ता. ते भुंकेल नाहीतर काय करील?

दुसरं कारण भीती. पिल्लू तीन आठवड्यांचं झाल्यापासून साधारण तीन महिन्यांचं होईपर्यंत जे बघतं, ऐकतं, ते त्याला आपलं वाटतं. त्या वयात ते खोक्यात किंवा खोलीत कोंडून वाढलं, तर पुढे छत्रीवाला, हेल्मेटवाला, लहान मूल, सगळेच त्याला परके वाटतात. दिवाळीचे फटाके तर त्याला सोसतच नाहीत. आपल्याला ऐकू न येणारे उंच स्वरही त्याला ऐकू येतात. म्हणून कधी कधी ते 'उगीच' भुंकतंय असं आपल्याला वाटतं.

तिसरं कारण आपण लावलेली सवय. पोस्टमन येतो, कुत्रं भुंकतं, पोस्टमन पत्र टाकून निघून जातो. कुत्र्याला वाटतं, मीच हाकललं! रोज जिंकणारा कशाला गप्प बसेल? शाळेत जाताना फाटकावर काठी आपटून पळणारी मुलंही त्याला हाच धडा देतात. आणि 'गप ए!' म्हणून आतून आपण ओरडलो, तर त्याला वाटतं मालकही आपल्या जोडीनं भुंकतोय.

चौथं कारण दुखणं. कान वाहणं, दात, सांधे, म्हातारपणी येणारा गोंधळ. जे कुत्रं कधी फारसं भुंकत नव्हतं ते अचानक रात्रंदिवस भुंकायला लागलं, तर आधी पशुवैद्याकडे न्यावं.

आता याच्या उलट चित्र बघा. माण, खटाव, आटपाडी, जत भागातल्या धनगरांचं कुत्रं. वाघर लावून मेंढरं आत कोंडली की त्याचं काम सुरू होतं. दिवसभर ते मालकाबरोबर चालतं, अनेक गावं, अनेक माणसं बघतं. त्याला काम आहे, सोबत आहे, दमणूक आहे. ते भुंकलं तर धनगर 'गप' म्हणत नाही, उठून बॅटरी मारून बघतो. कऱ्हाड, पाटण, शिराळा तालुक्यांत उसात बिबट्या दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. तिथल्या वस्तीवर रात्री कुत्रं भुंकतं, त्या आवाजाची किंमत वस्तीवरच्या माणसांना कळते.

कुणी म्हणेल, "गुरुजी, तुमचं बरोबर, पण आमची झोप जाते त्याचं काय?" ही तक्रार खोटी नाही. दहावीचं पोर, रात्रपाळी करून आलेला कामगार, आजारी म्हातारी माणसं यांना शांतता हवीच. पण त्यासाठी जायचं ते मालकाकडे. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडवणं-फिरवणं ही मालकाची जबाबदारी धरलेली आहे. ती टाळणं गुन्हा आहे. रागाच्या भरात विष घालणं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचं भुंकणं वेगळं. हद्द आणि मादी यांवरून त्यांची भांडणं होतात. भाद्रपदात तर रात्रभर गोंधळ. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि रेबीजची लस हे काम स्थानिक संस्थांनी करायचं आहे. ते नेमानं झालं तर संख्याही आटोक्यात येते आणि रात्रीची भांडणंही कमी होतात. नगरपालिकेला निवेदन देताना 'कुत्री हटवा' एवढंच न लिहिता हे काम मागावं.

मुलांना एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. 'भुंकणारा कुत्रा चावत नाही' ही म्हण परीक्षेपुरतीच खरी धरा. घाबरलेलं कुत्रं भुंकतंही आणि चावतंही. त्याच्या डोळ्याला डोळा लावू नका, पळू नका, हळूहळू बाजूला व्हा. चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, घरी लपवू नका आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. हळद-चुना लावून बसू नका. रेबीज एकदा झाला की त्यावर इलाज नाही.

शेवटी घरचा अभ्यास. तुमच्या घरचं किंवा शेजारचं कुत्रं आठ दिवस लांबून बघा. वहीत चार रकाने आखा: कधी भुंकलं, समोर काय होतं, आवाज कसा होता, कशानं थांबलं. आठ दिवसांनी वही मालकासमोर ठेवा. कुत्र्याला हवं असलेलं संध्याकाळचं अर्ध्या तासाचं फिरणं कदाचित त्या पानांमुळे सुरू होईल.