सिगारला 93 गुण, आणि वळणाऱ्या हाताला?

सुरुवातीला देवदार लागतो, मध्यावर कोको येतो, शेवटाकडे चामडं आणि ओली माती. गुण : 93. या थाटाची सिगार-परीक्षणं तुमच्याही फीडमध्ये येत असतील. ओढणारा खुर्चीत रेलून बसलेला, धूर स्लो मोशनमध्ये. माझं भांडण त्या माणसाशी नाही, त्या 93शी आहे.

शंभरपैकी गुण द्यायची ही रीत वाइनकडून आली. मार्विन शँकन हा ‘वाइन स्पेक्टेटर’चा प्रकाशक. त्याने 1992 साली अमेरिकेत ‘सिगार अफिसिओनाडो’ हे मासिक काढलं आणि वाइनची फूटपट्टी तंबाखूला लावली. परीक्षकांना ब्रँड कळू नये म्हणून सिगारवरचा कागदी पट्टा आधी काढतात. एवढं प्रामाणिक आहे. पण शंभरातली खालची घरं जवळजवळ ओसाडच असतात, सगळी गर्दी वरच्या पंधरा-वीस गुणांत. 91 आणि 93 यांतला फरक तुमच्या जिभेला कळतो का? दुकानदाराला मात्र बरोबर कळतो.

म्हणून परीक्षण हा निव्वळ बनाव आहे, असं मी म्हणणार नाही. सिगारमध्ये पारखण्यासारखं खूप आहे. आत भरणा, त्याला बांधून ठेवणारं पान, आणि सगळ्यांत वर ते गुळगुळीत, देखणं पान. भरण्यात झाडाच्या शेंड्याकडचं ‘लिखेरो’ पान असतं, ते कडक आणि सावकाश जळणारं, म्हणून मधोमध बसवतात. ते सरकलं की सिगार एका अंगाने जळत जाते. पानं जास्त दाबली तर ओढून ओढून गाल दुखतात, सैल राहिली तर भसाभसा जळून तोंड पोळतं. म्हणजे ‘ड्रॉ मस्त आहे’ म्हणताना तुम्ही खरं तर हवानातल्या किंवा निकाराग्वाच्या एस्तेलीतल्या कुणाच्या तरी बोटांना दाद देत असता. परीक्षणात त्या बोटांचा पत्ता नसतो. चामड्याचा असतो.

आणि ही माणसं काही मुकी नव्हती. 1865 मध्ये हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यात एक प्रथा सुरू झाली. सगळे सिगार वळत बसलेले असताना एकजण मोठ्याने वाचून दाखवायचा. आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी. त्याचे पैसे मालक देत नसे, कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढत. स्पॅनिश सत्तेने पुढच्याच वर्षी त्यावर बंदी आणली. प्रथा तरीही पुन्हा उगवली, स्थलांतरितांबरोबर फ्लोरिडातल्या टँपापर्यंत गेली. ‘मोंतेक्रिस्तो’ हे आजचं मिरवायचं नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून आलं, आणि ती कादंबरी वळणाऱ्यांची लाडकी होती म्हणून आलं, असं सांगतात. 1931 मध्ये टँपाच्या मालकांनी हे वाचक हटवले. ते कामगारांच्या डोक्यात नको ते भरवतात, ही तक्रार. कामगार संपावर गेले. कानावर पडणाऱ्या कादंबरीसाठी संप! कुठल्या सिगारच्या परीक्षणात ही चव नोंदवलेली तुम्ही वाचली आहे?

आणखी एक रकाना गुणपत्रिकेत नसतो. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत, म्हणून ती निरुपद्रवी, हे शौकिनांचं आवडतं वाक्य. तो धूर अल्कधर्मी असतो, निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतका तंबाखू असू शकतो. तोंड, घसा, अन्ननलिका, सगळीकडे कर्करोगाचा धोका. ओढणाऱ्याने निदान तो स्वतः पत्करलेला असतो. शेतात ओली तंबाखूची पानं तोडणाऱ्याच्या हातांतून तेच निकोटिन अंगात भिनतं, मळमळतं, उलट्या होतात. ‘मातीचा सुगंध’ म्हणायला हरकत नाही, पण मग मातीत कोण उभं होतं तेही लिहा.

हाताने वळलेल्या तंबाखूचं परीक्षण आपल्याकडेही रोज होतं, फक्त त्याच्या रील्स होत नाहीत. सोलापुरात, सिन्नरला बायका मांडीवर सूप घेऊन तेंदूची पानं कापतात, तंबाखू भरतात, दोऱ्याने बांधतात. मजुरी हजारावर ठरते. माल घेऊन गेलं की तपासणारा जुडी हातात घेतो, बोटांनी चाचपतो, नापसंत विड्या बाजूला काढतो. बाजूला गेलेल्यांचे पैसे नाहीत. त्याला देवदार लागत नाही, कोकोही नाही. तिथे शंभरात 93 म्हणजे सात विड्यांची मजुरी गेली.