बांधावरची फुले आणि फवारणीचे अर्थकारण

पिकाच्या कडेने फुलझाडांचे पट्टे लावावेत आणि किडींचा बंदोबस्त मित्रकीटकांकडून करून घ्यावा, असे म्हटले की आपल्यातीलच काही मंडळी नाके मुरडतात. हा सुखवस्तूंचा छंद आहे, कोरडवाहू शेतकऱ्याचा प्रश्न भावाचा आहे, फुलांचा नव्हे, असा त्यांचा आक्षेप असतो. तो तपासून पाहिला पाहिजे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. मृत्यू झाले ते पाठीवर पंप वाहणाऱ्यांचे. विष विकणाऱ्यांचे नव्हेत. असे असता फवारा कमी करण्याचा प्रश्न हा श्रमिकांचा प्रश्न नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

हा मार्ग अडाणीपणाचा आहे, हाही गैरसमजच. क्रायसोपाची अळी मावा फस्त करते. सिरफिड माशीच्या अळीचेही तेच. या कीटकांच्या प्रौढावस्थेला मात्र मधुरस आणि पराग लागतात. शिवारात फूलच उरले नाही तर हे मित्र टिकणार कसे? सरसकट फवाऱ्याने किडीबरोबर तिचे शत्रूही मरतात. कीड झपाट्याने परतते, शत्रू परतत नाहीत, आणि पुन्हा फवारा मारावा लागतो. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांचा कहर झाला तो असाच. १९८६ मध्ये तेथील सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढे अनुदानही थांबवले. उत्पादन कोसळले नाही.

थायलंड, चीन व व्हिएतनाममधील भातखाचरांच्या बांधांवर फुलझाडे लावून झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. फवारण्या ७० टक्क्यांनी घटल्या, उत्पादन ५ टक्क्यांनी वाढले. फुले बांधावर होती. पिकाखालची जमीन त्यासाठी द्यावी लागली नाही.

फुले हा सर्वरोगहारी उपाय नव्हे. बोंडात दडून बसणारी गुलाबी बोंडअळी केवळ फुलांनी हटणार नाही. त्यासाठी हंगाम वेळीच संपवणे, पऱ्हाट्या नष्ट करणे हेही लागेल. भाताचे आकडे कपाशीला जसेच्या तसे लागू होतील, असेही नव्हे. म्हणूनच आपल्या मातीत, आपल्या पिकांवर प्रयोग हवेत. ते कोण करणार? जी वस्तू बाटलीत भरून विकता येत नाही, तिच्या संशोधनात कंपनीला रस नसतो. आज अनेक गावांत कोणते औषध मारावे हे तेच विकणारा दुकानदार सांगतो. रोग्याला वैद्याऐवजी औषधविक्यानेच तपासावे, तशी ही व्यवस्था आहे.

शिवाय एकट्यादुकट्याने हे साधणारे नाही. शेजाऱ्याने फवारा मारला की आपल्या बांधावरचे मित्रकीटकही मरतात. निर्णय सबंध शिवाराने एकत्र घ्यावा लागतो. येथेच आपल्या कार्यकर्त्यांचे काम सुरू होते. चवळी, तीळ, झेंडू यांचे बियाणे सरकारने मोफत द्यावे. कृषी विद्यापीठांनी जिल्ह्याजिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या बांधांवर चाचण्या घ्याव्यात. सल्ला देण्याचे काम विक्रेत्याकडून काढून घेऊन सार्वजनिक यंत्रणेकडे सोपवावे, या मागण्या ग्रामसभांतून उठल्या पाहिजेत. भावाचा लढा चालूच राहील. पण उत्पादनखर्चातला विषाचा वाटा आणि त्यापायी जाणारे मजुरांचे जीव हे त्याच लढ्याचे कलम आहे, हे ओळखण्यास आता उशीर नको.